पाच तास चाळीस मिनिटं

टाइमकीपरला विमानाचं तिकीट रद्द करायचं होतं. ते आज दुपारी बाराच्या आत केलं तरच रद्द होणार होतं, म्हणून तो अकरालाच घरातून निघाला. तिकीट लेकीने पाठवलं होतं. जायचं आणि तीन महिन्यांनी परत यायचं. बरोबर एक ओळ लिहिली होती, "बाबा, या. खोली तयार आहे." तिकीट त्याने तीन आठवडे फ्रिजवर ठेवलं, रोज येता-जाता त्याच्याकडे बघितलं आणि काल ठरवलं की नाही जायचं. गेलं की रोज समोरासमोर बसावं लागेल, आणि समोर बसलं की मनातलं तोंडावर येईल. फोनवर निदान दोन मिनिटांत भागतं.

निवृत्त होऊन त्याला आठ वर्षं झाली होती, तरी बस आगारातले लोक त्याला टाइमकीपरच म्हणत. पाठीमागे 'काटा' म्हणत. एकतीस वर्षं त्याने फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या सोडल्या आणि घेतल्या. निघाली किती वाजता, पोचली किती वाजता, मधे लागले किती. उशीर झाला की लाल शाई. ड्रायव्हर हातापाया पडले, टायरची गोष्ट सांगू लागले, तरी लाल म्हणजे लाल. घरातही तीच तऱ्हा. बायको कोपऱ्यावर भाजी आणायला गेली तरी परत आल्यावर हा म्हणणार, "पस्तीस मिनिटं." ती पिशवी ओट्यावर आपटून म्हणायची, "तुमच्या वहीत माझं नाव घालू नका हं. मी काय गाडी आहे?"

बायकोला जाऊन चौदा महिने झाले होते. आता भाजी तोच आणत होता, आणि किती मिनिटं लागली ते विचारणारं कोणी नव्हतं.

लेकीला घरात सगळे बारकी म्हणत. दोन बहिणींतली ती धाकटी. थोरली जन्मानंतर महिन्याभरात गेली होती, त्यामुळे हीच एक, तरी नाव बारकीच राहिलं. सात वर्षांपूर्वी तिला पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. नोकरी समुद्रापलीकडच्या एका शहरात. बायकोने जेवण टाकलं. "एवढ्या लांब! मला काही झालं तर पोर येणार कधी?" हेच एक पालुपद. तेव्हा टाइमकीपरने चष्मा लावला, बारकीचं तिकीट हातात घेतलं आणि कामावर वाचायचा तसं वाचलं. निघणार दहा वाजून दहा. पोचणार पंधरा पन्नास.

"पाच तास चाळीस मिनिटं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे आपली लांब पल्ल्याची रात्रीची गाडी अकरा तास घेते. पोर त्याच्या निम्म्यावर आहे. लांब कसली? सकाळचा चहा इथे घेतला तर दुपारचा तिथे."

बायकोने डोळे पुसले. टाइमकीपरने वेळ सांगितली म्हणजे ती पक्की, एवढं तिला लग्नापासून माहीत होतं. मग तिनेच चाळभर सांगितलं, भावाला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं. "पाच तास चाळीस मिनिटं फक्त. मनात आलं की येईल."

तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागे आहे हे टाइमकीपरला ठाऊक होतं. रविवारचा फोन त्याच हिशेबाने व्हायचा. पण ते तिकिटालाही लागू असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. वेळापत्रक म्हटलं की एकच घड्याळ, ते आगारातल्या भिंतीवरचं. एकतीस वर्षांत त्याच्या एकाही गाडीने वाटेत घड्याळ बदललं नव्हतं. बारकी गेली त्या दिवशी पोचल्याचा फोन चारला यायचा तो रात्री पावणेआठला आला, तेव्हाही त्याने बायकोला समजावलं, "सामान यायला वेळ लागतो. रांगा असतात." बायकोने नुसतं घड्याळाकडे बघितलं.

पुढे बारकी दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा सकाळी साडेदहाला टॅक्सी दारात. किती वाजता निघालीस हे त्याने विचारलं नाही. पोर दिसल्यावर ते सुचतं कोणाला?

मग बायकोचं झालं. दुपारी चारला. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणाली, उशीला टेकून बसली आणि बसल्या जागी गेली. चार वाजून दहा मिनिटांनी त्याने बारकीला फोन केला. बारकी म्हणाली, "मी येते बाबा. मी निघतेच." काही वेळाने जावयाचा निरोप आला, "आठच्या विमानाने निघतेय. सकाळपर्यंत पोचेल."

टाइमकीपरने हिशेब केला. आठ अधिक पाच चाळीस, एक वाजून चाळीस. सामान, रांग, टॅक्सी धरून दोन तास. म्हणजे पावणेचारला पोर दारात. तो खुर्ची ओढून दाराशी बसला. पावणेचार झाले, पाच झाले, सहा झाले. तिचा फोन बंद. जावयाला विचारावं असं एकदा मनात आलं, पण आपण होऊन विचारायचं कशाला, असंही आलं. सकाळी सातला न्यायचं ठरलं होतं ते त्याने आठपर्यंत ताणलं. आठ वाजता तो उठला.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, आणखी तासदोन तास थांबू या. पोर वाटेवर आहे."

"यायचं असतं तर चारलाच आली असती. चला."

"दाजी, ऐका..."

"चला म्हटलं ना."

ते परतले आणि थोड्या वेळाने, साडेदहाला, टॅक्सी थांबली. बारकी बॅग न घेताच आत धावली आणि रिकाम्या खाटेपाशी थबकली. त्या क्षणी टाइमकीपर जे बोलला ते चार माणसांनी ऐकलं.

"आठला निघालीस, साडेदहाला उगवलीस. पाच तास चाळीस मिनिटांचा रस्ता. मधे कुठे मुक्काम केला होतास?"

बारकीने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, ओठ हललेही. मग तिने तोंड मिटलं आणि आईच्या कपाटाला कपाळ टेकवून उभी राहिली. आठ दिवसांनी परत गेली. तेव्हापासून रविवारचा फोन असा: "जेवलात?" "जेवलो." "औषध?" "घेतलं." "बरं." तिनेही खुलासा केला नाही, यानेही मागितला नाही. लाल शेरा तसाच राहिला.

तिकिटांचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. जिना अरुंद, वर दोन टेबलं, एक पंखा, आणि भिंतीवर विमानाचं कॅलेंडर, त्यावर मागचाच महिना. टेबलापाशी पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. चष्मा डोक्यावर ढकलला होता आणि दुसरा चष्मा डोळ्यांवर होता.

"बोला काका."

"रद्द करायचंय." त्याने कागद पुढे केला.

"अगं बाई, एवढं चांगलं तिकीट! लेकीने पाठवलंय ना? मीच काढलं हे. किती वेळा फोन करून विचारलं तिने, खिडकीची जागा द्या, बाबांना बाहेर बघायला आवडतं, जेवण मऊ मिळेल का, उतरल्यावर हात धरायला माणूस मिळेल का. माझं डोकं खाल्लं हो." त्या कागद उलगडत होत्या. "का रद्द? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत आहे. तशीही या तिकिटात चूक आहे," टाइमकीपर म्हणाला. कारण सांगायचं टाळायला त्याला चूक बरी वाटली. ती त्याने तीन आठवड्यांपूर्वीच काढून ठेवली होती.

"चूक? माझ्या तिकिटात?"

"हे बघा. जाताना निघणार दहा दहा, पोचणार पंधरा पन्नास. पाच तास चाळीस. बरोबर. आणि येताना निघणार वीस वाजता, पोचणार सकाळी आठ चाळीस. बारा तास चाळीस मिनिटं! रस्ता तोच, गाडी तीच. जाताना पाच आणि येताना बारा? मधे घाट लागतो का?"

बाई आधी त्याच्याकडे बघत राहिल्या, मग दोन्ही चष्मे काढून हसल्या. "काका, विमानाला कसला आलाय घाट!"

"मग छापणाऱ्याने घोळ केलाय. मी एकतीस वर्षं वेळापत्रक सांभाळलंय."

"घोळ नाही. असं बघा, निघायची वेळ निघतो तिथली असते आणि पोचायची वेळ पोचतो तिथली. जाताना साडेतीन तास कमी दिसतात, येताना साडेतीन तास जास्त."

"एका कागदावर दोन घड्याळं?"

"दोन."

"आणि हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलंय ना." बाईंनी खालच्या बारीक अक्षरावर पेन्सिल टेकवली. "प्रवासाचा वेळ, जाताना नऊ तास दहा मिनिटं. येतानाही नऊ तास दहा. आणि अंतर सात हजार आठशे साठ किलोमीटर. लाजू नका, रोज कोणीतरी येतंच विचारायला. मागे एक मास्तर आले होते, ते तर भांडले माझ्याशी."

टाइमकीपर लाजत नव्हता. त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि कागदाच्या पाठीवर आकडे मांडू लागला. आठचं विमान. आठ म्हणजे तिकडचे आठ. तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा. साडेअकरा अधिक नऊ दहा. त्याने पेन्सिल खाली ठेवली, परत उचलली, पुन्हा तोच हिशेब केला. आठ वाजून चाळीस. त्यावर सामान, रांग, टॅक्सी. साडेदहा.

"हे आठचं विमान..." त्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं. "याच्या आधीचं कुठलं असतं?"

"तिकडून? दिवसातून एकच आहे. त्याच्या आधीचं म्हणजे आदल्या दिवशीचं."

इथे चार वाजले तेव्हा तिथे भर दुपारचे साडेबारा. पोर कामावर, हातात काचेच्या नळ्या. तिथून साडेसात तासांत तिने तिकीट मिळवलं, घर गाठलं, विमानतळ गाठला आणि जे एकच विमान होतं ते पकडलं. एक मिनिट वाया घालवलं नव्हतं. आणि इकडे आठ वाजता तो उठला, मेव्हणा थांबा म्हणत असताना उठला, तेव्हा पोर हवेत होती. उतरायला चाळीस मिनिटं राहिली होती. पावणेसहाशे किलोमीटर.

"पाणी देऊ का काका?" बाईंनी विचारलं. "आणि मग रद्द करायचं ना? साडेअकरा झाले."

"नको," तो म्हणाला.

"पाणी नको की रद्द नको?"

"पाणी द्या."

जिना उतरताना त्याने कठडा धरला. घर पंधरा मिनिटांवर होतं. वाटेत आगारातला एक जुना ड्रायव्हर भेटला. "काय साहेब, आज इकडे?" म्हणाला. टाइमकीपर नुसती मान हलवून पुढे गेला, आणि ड्रायव्हर त्याच्याकडे वळून वळून बघत राहिला.

घरी येऊन त्याने चपलाही काढल्या नाहीत. तिकडे साडेआठ वाजत आले असतील, बारकी कामावर पोचत असेल. आज रविवारही नव्हता. चौदा महिन्यांत त्याने रविवार सोडून फोन केला नव्हता, आणि रविवारीही फोन तिचाच यायचा.

पहिल्या घंटीलाच तिने उचलला. "बाबा? काय झालं? पडलात का?"

"पडलो नाही."

"मग? छातीत दुखतंय? मामाला बोलावू?"

"बारके, ऐक. नऊ तास दहा मिनिटं."

पलीकडे कुठेतरी एक दार लागलं, आणि मग तिचा आवाज जवळून आला. "कोणी सांगितलं?"

"तिकीटवाल्या बाईंनी. दोन घड्याळं असतात म्हणे एका कागदावर. मला काटा म्हणतात सगळे, आणि मला एवढं कळलं नाही." तो थांबला. "तू का नाही सांगितलंस? दारात मी तुला एवढं बोललो. चार लोकांत बोललो. एक वाक्य पुरलं असतं."

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

"मग तेच म्हणतोय ना मी."

"तसं नाही, बाबा. कळलं असतं की अडीच तास थांबला असतात तर मला आई दिसली असती." तिने नाक ओढलं. "ते घेऊन तुम्ही एकटे त्या घरात कसे राहिला असतात? त्यापेक्षा माझ्यावर रागावलेले बरे, असं वाटलं मला. रागात माणूस निदान वेळेवर जेवतो तरी."

टाइमकीपर खाली बसला. खुर्ची होती तिथे, पण तो जमिनीवरच बसला.

"आईला तरी कळायला हवं होतं," तो म्हणाला. "माझ्या भरवशावर बिचारी सहा वर्षं पाच चाळीस, पाच चाळीस करत राहिली."

बारकी एकदम हसली. रडता रडता हसली, त्यामुळे आधी त्याला कळलंच नाही की हे हसू आहे. "आईला माहीत होतं."

"काय?"

"पहिल्याच आठवड्यात माहीत झालं. मी पोचल्याचा फोन उशिरा आला ना, दुसऱ्या दिवशी तुम्ही अंघोळीला गेल्यावर तिने मला विचारलं, खरं सांग, किती तास? मी सांगितलं. मग म्हणाली, तुझ्या वडलांना सांगू नकोस हं. मला धीर यावा म्हणून त्यांनी हिशेब केलाय. आणि ते स्वतःही त्यावरच झोपतात रात्री. नऊ तास कळले तर उठून फेऱ्या मारत बसतील."

"पण चाळभर सांगत होती ती!"

"तुम्ही ऐकत असलात की सांगायची."

टाइमकीपरला बायको दिसली, पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर, दुकानदाराला सांगताना, आणि शेजारी तो, मान ताठ करून. सहा वर्षं तिने त्याची मान ताठ ठेवली होती. "लबाड," तो म्हणाला. "काय लबाड बाई होती." आणि त्याला रडू आलं. त्या दिवशी आलं नव्हतं, नंतरही आलं नव्हतं, ते आता चपला घालून जमिनीवर बसल्या बसल्या आलं.

बारकीने त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळाने त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"तू काय केलंस नऊ तास?" त्याने विचारलं. हे त्याने चौदा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं.

"काय करणार? समोर एक पडदा असतो, त्यावर नकाशा आणि नकाशावर एवढंसं विमान. ते बघत बसले. हलतच नाही हो ते. शेजारी एक गृहस्थ होते, त्यांना वाटलं मला विमानाची भीती वाटते. मला म्हणाले, घाबरू नका, मी चाळीसदा गेलोय, एकदाही पडलेलं नाही."

टाइमकीपर हसला. "मग?"

"मग मी म्हटलं, आई गेलीय. तर त्यांनी आपलं ब्लँकेट मला दिलं आणि उतरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ब्लँकेट परत घ्यायलाही तयार नाहीत." ती थांबली. "बाबा, तुम्ही आठ वाजता निघालात ना? मामाने सांगितलं होतं. त्यापुढचं मला कोणीच सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून. आता सांगाल?"

"सगळं?"

"सगळं. काय घातलं होतं तिला?"

"ते निळं. तू पाठवलेलं. एकदाही घातलं नव्हतं तिने, चांगलं आहे म्हणून ठेवलं होतं."

"आणि?"

"आणि चष्मा. तुझा मामा म्हणाला, चष्मा काढा दाजी. मी म्हटलं, राहू दे, त्याशिवाय तिला दिसत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण कोणी काढला नाही."

पलीकडून पुन्हा तो आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते कळेना असा. मागून कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"तुला काम आहे," तो म्हणाला. "रविवारी सांगतो. नाहीतर तिकडे आल्यावर सांगतो. येतोच आहे मी."

"नाही. आत्ता. तुम्ही फोन ठेवू नका. मी साहेबांना सांगून येते की मला आज उशीर होईल. थांबाल ना?"

"थांबतो."

तिने फोन कुठेतरी टेबलावर ठेवला. त्याला यंत्राची घरघर ऐकू येत होती, नळ सोडल्याचा आवाज, कोणाची तरी पावलं. पायातल्या चपला त्याने बसल्या जागी काढल्या आणि बाजूला सारल्या. पाठ भिंतीला टेकली.

"हं, आले," बारकी म्हणाली. तिला धाप लागली होती. "बोला बाबा."

आणि तो पहिल्यापासून सांगू लागला. दुपारी ती उशीला टेकून बसली, बरं वाटतंय म्हणाली आणि खिडकी उघडायला सांगितली, तिथपासून.